शिशाच्या मुलखात: हेक्झॅम ते वॉलिंग्टन

शनिवार, हेक्झॅम

उत्तर इंग्लंडातल्या न्यूकासलहून हेक्झॅमची लोकल ट्रेन पकडली की सगळा रस्ता टाइन नदीच्या काठाकाठाने जातो, आणि पाऊण तासाच्या आत तुम्ही एका टुमदार बाजारगावात उतरता. बहुतेक लोक इथे उतरून रोमन भिंत बघायला जातात. आम्ही उलट्या दिशेने, दक्षिणेच्या डोंगरांत जाणार होतो, कारण मला शिशाच्या खाणी बघायच्या होत्या. माझं काम ऑडिटचं आणि जुने हिशेब हा माझा जुना नाद. १८व्या शतकात या भागातल्या इस्टेटी कोण नि कशा चालवायचे ते त्यांच्या पत्रांतून वाचत होते, तर म्हटलं एकदा जागेवर जाऊन बघूच. नवऱ्याला डोंगर आणि गाडी चालवायला मिळाली की पुरे, त्यामुळे तो लगेच तयार.

हेक्झॅमच्या बाजारचौकात ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या चर्चच्या, अगदी समोर खांबांवर उभी असलेली एक उघडी इमारत आहे, तिला शॅम्बल्स म्हणतात. खाटकांना बसायला म्हणून १७६६ साली बांधलेली, आजही तिथे स्टॉल लागतात. आम्ही गेलो तेव्हा एक बाई रोपं विकत होती. बांधणारा सर वॉल्टर कॅल्व्हर्ली ब्लॅकेट, या गावचा तेव्हाचा मालक म्हणा ना. हा माणूस मूळचा यॉर्कशायरचा, आम्ही लीड्सला राहतो तिथून कॅल्व्हर्ली गाव हाकेच्या अंतरावर आहे. ब्लॅकेट आडनाव त्याला लग्नातून मिळालं. तिसरे सर विल्यम ब्लॅकेट १७२८ मध्ये गेले, औरस मूल नव्हतं, कर्ज मात्र डोक्यावर भरपूर. मृत्युपत्रात त्यांनी सगळी इस्टेट एलिझाबेथ ऑर्ड या आपल्या अनौरस मुलीच्या नावे केली, पण अट अशी की तिने वर्षाच्या आत वॉल्टर कॅल्व्हर्लीशी लग्न करायचं आणि त्याने ब्लॅकेट आडनाव लावायचं. १७२९ मध्ये लग्न झालं. म्हणजे विशीतल्या एका पोराच्या हातात एकदम हजारो एकर जमीन, कोळसा, शिशाच्या खाणी, भट्ट्या आणि सासऱ्याचं कर्ज आलं. तो पुढे १७३४ पासून मरेपर्यंत न्यूकासलचा खासदार होता. मग खाणी, भट्ट्या, कुळं, तट्टूवाले हे सगळं बघत कोण होतं? त्याचे कारभारी. ही ट्रिप मी खरं तर त्यांच्यासाठी काढली.

संध्याकाळी ॲबी बघितली, सेंट विल्फ्रिडने ७व्या शतकात वसवलेली. आतला दगडी जिना रोज रात्री प्रार्थनेला उतरणाऱ्या पायांनी झिजलाय, तो मात्र बघाच. पाऊस होता, लवकर झोपलो.

रविवार, ड्यूक्सफील्ड

ट्रिपमधला सगळ्यात महत्त्वाचा दिवस हाच, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

हेक्झॅमच्या दक्षिणेला काही मैलांवर डेव्हिल्स वॉटर नावाचा ओढा आहे. गाडी लावून ओढ्याच्या कडेने झाडीतून चालत गेलो की अचानक समोर दोन उंच दगडी कमानी येतात. जंगलात मध्येच, आजूबाजूला काही नाही. एखाद्या चर्चचे अवशेष वाटतात पण हे ड्यूक्सफील्डच्या शिशाच्या भट्टीचं शिल्लक राहिलेलं तेवढंच बांधकाम, भट्टीचा धूर डोंगरावरच्या धुराड्याकडे नेणारे बोगदे या कमानींवरून जायचे. १७व्या शतकाच्या उत्तरार्धात ही मिल सुरू झाली आणि १८३०च्या दशकात बंद पडली, मधल्या काळात ती इंग्लंडातल्या सगळ्यात मोठ्या शिसे-भट्ट्यांपैकी एक होती. काही वर्षांपूर्वी इथल्या गावकऱ्यांनी आणि स्वयंसेवकांनी मिळून कमानी दुरुस्त करून घेतल्या, आणि त्याहून मोठं काम म्हणजे ब्लॅकेटांच्या कारभाऱ्यांची हजारो पत्रं नि हिशेब अक्षर लावून टाईप करून सगळ्यांसाठी इंटरनेटवर खुली केली. १८व्या शतकातलं कारकुनी वळण वाचणं सोपं नसतं, मोडी शिकलेल्यांना कळेल मी काय म्हणतेय ते. या लोकांचे आभार मानावे तेवढे थोडे.

आता इथे नेमकं व्हायचं काय ते सांगते. खाणीतून गॅलिना यायचं, करड्या चकचकीत रंगाचं जड खनिज, शुद्ध असेल तर त्यात वजनाने ८६ टक्क्यांच्या वर शिसं, बाकी गंधक. ते दगडी चुलीसारख्या भट्टीत पीटवर जाळायचे. पीट म्हणजे डोंगरावरच्या दलदलीतली वाळवलेली माती, उन्हाळ्यात कापून रचून ठेवायची, आणि उन्हाळा पावसात गेला की पीट वाळायचं नाही आणि मग पुढे भट्टी अडायची. भाते पाणचक्कीवर चालायचे म्हणून मिल ओढ्याला चिकटून. शिसं ३२७ डिग्रीलाच वितळतं, ते खालच्या दगडावरून निथळत भांड्यात यायचं, मग पळीने साच्यात. उरलेली मळी टाकायची नाही, ती वेगळ्या, जास्त तापणाऱ्या भट्टीत पुन्हा गाळून तिच्यातलं शिसं काढायचं. पायवाटेवर आजही काळे काचेसारखे खडे सापडतात, ती हीच मळी. नवऱ्याने एक उचलून हातावर तोलला आणि म्हणाला, "अगं, हे दगडापेक्षा किती जड आहे!"

पण खरी कमाल पुढे आहे. या शिशात चांदी असते. किती? चांगल्या शिशात टनाला साधारण ८ ट्रॉय औंस, म्हणजे चार हजार भागांत एक भाग. ती काढायची कशी, तर लोखंडाच्या लंबगोल कड्यात हाडांची राख आणि फर्नची राख ओली करून ठोकून ठोकून भरायची, मधे खोलगट करायचं, हे झालं पात्र. ते भट्टीखाली चढवून त्यात शिसं वितळवत राहायचं आणि वरून भात्याचा वारा मारायचा. हवेने शिशाचं मुरदाडशिंग होतं, पिवळसर, पातळ, ते पात्राच्या एका कडेने सतत ओघळून बाहेर काढायचं, आणि तेवढंच नवीन शिसं आत घालायचं. असं तासन् तास. शेवटी शिसं अगदी संपत येतं तेव्हा रसावर रंगीत पातळ पापुद्रे फिरायला लागतात आणि एका क्षणी ते सगळे निघून जाऊन पृष्ठभाग लख्ख चमकतो. तो क्षण रिफायनरने पकडायचा. लवकर थांबला तर चांदीत शिसं राहणार, उशीर केला तर फुकट कोळसा जाळला. थर्मामीटर नाही, घड्याळाचाही उपयोग नाही, सगळी मदार एका माणसाच्या डोळ्यावर. आम्ही ज्या वाटेने आलो तिथे दोन्ही बाजूंना फर्न कमरेएवढं वाढलेलं होतं, राखेसाठी ते इथल्याच डोंगरांवरून कापून आणायचे असणार.

मुरदाडशिंग पण वाया नाही, थोडं रंगवाल्यांना, काचवाल्यांना विकायचं आणि बाकीचं कोळशाबरोबर तापवून पुन्हा शिसं करायचं. या सगळ्यात थोडं शिसं उडून जायचंच. आता माझ्यासारखीला प्रश्न पडणारच की हा धंदा परवडायचा का. टाकसाळीचा चांदीचा भाव तेव्हा औंसाला ५ शिलिंग २ पेन्स. ८ औंसांचे होतात दोन पौंड नि वर थोडे. शिशाचा भाव वरखाली होत असला तरी टनाला पंधरा पौंडांच्या मागेपुढे धरा. म्हणजे टनामागे दोन पौंड जास्तीचे, त्यातून कोळसा, राख, मजुरी आणि उडालेलं शिसं वजा करायचं. ८ औंसांच्या बऱ्याच खाली गेलात तर आतबट्ट्याचा व्यवहार. त्यामुळे कुठल्या खाणीचं शिसं रिफायनिंगला घ्यायचं आणि कुठलं तसंच विकायचं हा निर्णय दर वेळी कारभाऱ्याने करायचा, आणि त्यासाठी प्रत्येक खाणीच्या मालाची नमुन्यावर परीक्षा. १८३३ मध्ये शेजारच्याच ॲल्स्टन गावच्या ह्यू ली पॅटिन्सनने नवीन पद्धतीचं पेटंट घेतलं आणि टनाला ३ औंस चांदी असलेलं शिसंही परवडायला लागलं. पण १८व्या शतकात हे गणित अगदी काठावरचं होतं, आणि लंडनचा शिशाचा भाव थोडा घसरला की कारभाऱ्याची झोप उडत असणार.

अजून एक, धुराबद्दल. त्या धुरातून शिसं आजूबाजूच्या गवतावर बसायचं, ते खाऊन गुरं-घोडी मरायची. भट्टीवरची माणसं तर तो धूर रोज श्वासात घ्यायची. कमानी खूप सुंदर आहेत, फोटो छान येतात, पण तिथे उभं राहून मला हेच आठवत राहिलं.

सोमवार, ॲलनहेड्स

गाडीने ॲलनडेल टाऊनमार्गे ॲलनहेड्स. रस्ता चढत चढत जातो, झाडं संपतात, मग फक्त मेंढ्या आणि वारा. ॲलनहेड्स हे ब्लॅकेटांच्या खाणींचं मुख्य ठाणं, समुद्रसपाटीपासून चौदाशे फुटांच्या आसपास, खाण १८९६ पर्यंत चालली. आता मोजकी घरं, पब, एक छोटं कॅफे आणि माहितीचे फलक.

कामाची पद्धत फार विचार करण्यासारखी होती. खाणकामगार पगारी नोकर नव्हते. चार ते आठ जणांचा गट मिळून तीन महिन्यांसाठी खाणीचा एक तुकडा घ्यायचा, याला बार्गेन म्हणायचे, आणि दर बिंगामागे किती पैसे ते आधीच ठरवायचं. बिंग म्हणजे ८ हंड्रेडवेट, आपल्या हिशेबात ४०० किलोच्या थोडं वर. खनिजाची शीर जाड लागली तर गटाची चांदी, नाही लागली तर मेहनत पाण्यात. घर चालायला महिन्याला थोडी उचल मिळायची आणि पूर्ण हिशेब वर्षातून एकदा. वर्षभर दुकानदाराची उधारी आणि शेवटी उचल, मेणबत्त्या, बारूद, हत्यारांची धार असं सगळं वजा करून काय हातात पडेल ते. कधी कधी उलट बाकी निघायची. हा भाव ठरवणारा माणूस म्हणजे खाणीचा एजंट, तोही बऱ्याचदा याच खोऱ्यातला, खाणीत उतरणारा, दगड ओळखणारा. कमी भाव दिला तर चांगले गट दुसऱ्या खाणीवर जाणार, जास्त दिला तर न्यूकासलच्या मुख्य कचेरीतून पत्र येणार. धान्य महागलं की राय धान्य विकत आणून कामगारांना पुरवायचं आणि त्यांच्या खात्यावर टाकायचं हे पण एजंटच्याच गळ्यात. मला हे लोक ना मालक वाटत ना मजूर, दोन्ही बाजूंचं ऐकून घेणारे, आणि दोन्हीकडच्या शिव्या खाणारे.

आणि मग वाहतूक. पत्रांमधला निम्मा वैताग वाहतुकीचा आहे म्हटलं तरी चालेल. इथून ड्यूक्सफील्डपर्यंत दहा-पंधरा मैल उघड्या माळावरून खनिज न्यायचं, चाकाच्या गाड्यांना रस्ताच नाही, म्हणून गॅलोवे जातीची छोटी दणकट तट्टं. लमाणांचा तांडा कसा असायचा तसंच, रांगेत वीसेक तट्टं, पुढच्याच्या गळ्यात घंटा, प्रत्येकाच्या पाठीवर दोन बाजूंना मिळून साधारण शंभर किलो. म्हणजे एका बिंगाला चार तट्टं! वाटेतलं शिसंमिश्रित गवत खाऊन मरू नयेत म्हणून तोंडाला मुसकं बांधायचे. तट्टूवाले म्हणजे आजूबाजूचे छोटे शेतकरी, त्यामुळे गवतकापणी आली की वाहतूक बंद, सुगी आली की बंद, हिवाळ्यात चिखल-बर्फामुळे बंद. खाणीत माल साचलेला, भट्टीत माल नाही, आणि न्यूकासलच्या धक्क्यावर जहाज थांबलेलं. मग कारभाऱ्याने काय करावं तर दर वाढवावा किंवा ज्या कुळांकडे इस्टेटीची जमीन आहे त्यांना आठवण करून द्यावी. जमीन आणि शिसं हे एकाच वहीत का होतं ते मला इथे येऊन नीट कळलं. कूळ तट्टू देतं, इस्टेटीचं जंगल खाणीला लाकूड देतं, माळ पीट देतो, ओढा चाक फिरवतो. यातलं एक जरी अडलं तरी चांदी नाही.

दुपारी त्या जुन्या वाटेवर तासभर चाललो. माळावर वाट अजून खोलगट दिसते, एकीशेजारी एक अशा कितीतरी, कारण एक चिखलात गेली की शेजारून दुसरी. वारा इतका की बोललेलं ऐकू येत नव्हतं. एक मेंढपाळ क्वाड बाईकवर भेटला, त्याने बोटाने दाखवलं की वाट कुठून कुठे जाते, आणि म्हणाला की त्या पट्ट्यात तो आजही कोकरांना चरायला सोडत नाही.

मंगळवार, नेंटहेड आणि ॲल्स्टन

आज हद्द ओलांडून कंब्रियात. इथली इस्टेट ब्लॅकेटांची नाही, हिची कथा वेगळीच. ॲल्स्टन मूर आणि टाइनच्या काठची डिल्स्टन, लँगली ही सगळी जहागीर रॅडक्लिफ घराण्याची, म्हणजे डर्वेंटवॉटरच्या अर्लची. तिसरा अर्ल जेम्स १७१५ च्या जॅकोबाइट बंडात, म्हणजे गादी गेलेल्या स्टुअर्ट घराण्याला परत राजा करण्यासाठीच्या उठावात, सामील झाला, पकडला गेला आणि २४ फेब्रुवारी १७१६ ला लंडनच्या टॉवर हिलवर त्याचा शिरच्छेद झाला. इस्टेट सरकारजमा. पुढे १७३५ मध्ये संसदेने कायदा करून ती ग्रिनिच हॉस्पिटलला दिली. हॉस्पिटल म्हणजे म्हाताऱ्या, जखमी खलाशांचं निवासस्थान. तर लंडनच्या थेम्सकाठी पेन्शनरांना जेवण मिळायचं ते अडीचशे-तीनशे मैलांवरच्या या डोंगरातल्या खंडातून आणि शिशातून. आणि हे सांभाळायला संस्थेने इथे रिसीव्हर, म्हणजे खंड वसूल करणारे कारभारी, नेमले.

१७६४ च्या अगदी शेवटी या जागेवर कोण आला, तर जॉन स्मीटन! ज्याने एडिस्टोनचं दीपगृह बांधलं तोच. कालव्यांची, पुलांची कामं करणारा देशातला सगळ्यात नावाजलेला इंजिनियर, आणि त्याने ही इस्टेट मॅनेजरची नोकरी अर्ज करून घेतली, निकोलस वॉल्टन या जोडीदाराबरोबर. १७७७ पर्यंत केली. कुळांचे करार, लिलाव, कुंपणं, झाडं लावणं, पडक्या गिरण्या दुरुस्त करणं, खंड गोळा करायला फिरणं, वर खाणी. मला हे फार आवडलं. ॲल्स्टनला हाय मिल म्हणून जुनी पिठाची गिरणी आहे, तिच्या पाणचाकाचं डिझाईन स्मीटनचं.

नेंटहेड हे उंचावरचं खाणगाव, दीड हजार फुटांच्या आसपास. ग्रिनिचने इथल्या खाणी लंडन लेड कंपनीला भाड्याने दिल्या होत्या, क्वेकर पंथाच्या लोकांनी चालवलेली, १६९२ ची सनद असलेली कंपनी. त्यांनी १७५०च्या दशकात इथे गाव वसवलं. कंपनी जे खनिज काढेल त्याचा पाचवा हिस्सा जमीनमालक म्हणून ग्रिनिचचा. याच कंपनीच्या चांदीतून १८व्या शतकात काही नाणी पाडली, त्यांवर राजाच्या ढालींच्या मधल्या कोपऱ्यांत गुलाब आणि पिसांचे तुरे असतात, नाणी जमवणाऱ्यांना माहीत असेल.

खाणीचा परिसर हिंडायला मोकळा आहे, पडक्या भिंती, खनिज धुण्याचे फरशीचे चौक, ढिगारे. नेंट नदीच्या कडेला दगडगोट्यांत दुसरं काही धड उगवत नाही पण छोटी पांढरी स्प्रिंग सँडवर्ट आणि डोंगरी पॅन्सी मात्र टवटवीत, धातूने भरलेल्या मातीत तग धरणाऱ्या या जाती. मी गुडघ्यावर बसून बघितली, पाकळ्या पिवळ्या-जांभळ्या, नखाएवढ्या. या नदीतून आजही जस्त, शिसं, कॅडमियम वाहून टाइनमध्ये जातंय, आणि खाणी बंद होऊन किती काळ लोटला.

ॲल्स्टनमध्ये स्मीटनच्या कल्पनेतला नेंट फोर्स लेव्हल सुरू व्हायचा. खोऱ्याखालून जवळजवळ पाच मैलांचा बोगदा, पाणी काढायला, नवीन शिरा शोधायला आणि आत होड्या चालतील असा. १७७६ ला सुरू केला, १८४२ ला संपला. स्मीटन तर १७९२ लाच गेला होता. अपेक्षेएवढं शिसं काही लागलं नाही, पैसा प्रचंड गेला. पण एक संस्था साठ वर्षांहून जास्त काळ एका बोगद्यावर पैसे घालत राहते, यामागे किती रिसीव्हरांचे किती अहवाल गेले असतील याचा विचार करा.

बुधवार, लँगली आणि डिल्स्टन

हलका दिवस. आपला पाचवा हिस्सा खनिजाच्या रूपात मिळतो तर दुसऱ्याच्या भट्टीत का गाळा, म्हणून ग्रिनिचने १७६०च्या दशकात लँगलीला स्वतःची मिल उभी केली, स्मीटन-वॉल्टनच्या काळात. जवळच स्टबलिकला कोळसा, तिथलं इंजिनघर आणि धुराडं रस्त्यावरून दिसतं. लँगलीचा किल्ला आता हॉटेल आहे, आम्ही फक्त चहा घेतला. रस्त्याच्या कडेला डर्वेंटवॉटर भावांच्या स्मरणार्थ १८८३ मध्ये उभारलेला क्रॉस आहे. धाकटा भाऊ चार्ल्स त्या वेळी तुरुंगातून पळाला होता, तीस वर्षांनी १७४६ मध्ये त्यालाही तसाच मृत्यू आला.

डिल्स्टनला अर्लच्या वाड्याचे अवशेष आणि एक लहान चॅपल. अर्लला मारलं त्या रात्री आकाशात उत्तरेचा प्रकाश (अरोरा) दिसला असं सांगतात, लोक अजून त्याला लॉर्ड डर्वेंटवॉटरचे दिवे म्हणतात. लोकांचा जीव होता त्याच्यावर. अशा इस्टेटीवर लंडनचे नवीन मालक म्हणून येऊन खंड वसूल करणं, रिसीव्हरांना पहिली वर्षं सोपी गेली नसणार. तिथून पुढे कॉर्ब्रिजचा १६७४ चा पूल बघितला. नोव्हेंबर १७७१ च्या महापुरात टाइनवरचे बाकी सगळे पूल वाहून गेले, हा एकटा टिकला. हेक्झॅमला नंतर स्मीटनने नवा पूल बांधला, तो १७८२ च्या पुरात पडला. एवढ्या मोठ्या माणसाच्या कारकिर्दीतला तो एकच पूल असा पडला, आणि तोही त्याच्या ओळखीच्या नदीवर, वाईट वाटतं.

गुरुवार, ब्लँचलंड

डर्वेंट नदीकाठचं हे गाव इतकं देखणं आहे की लोक नुसते बसायला येतात. मधाच्या रंगाची दगडी घरं, मधे चौक, जुन्या मठाच्या दारातून आत शिरायचं. डरहॅमचे बिशप लॉर्ड क्रू यांनी १८व्या शतकाच्या सुरुवातीला ही इस्टेट घेतली आणि १७२१ मध्ये जाताना धर्मादाय ट्रस्टला दिली. १७४७ मध्ये मेथॉडिस्ट प्रचारक जॉन वेस्ली इथे खाणकामगारांसमोर बोलायला आले तेव्हा गाव म्हणजे नुसता पडक्या भिंतींचा ढीग होता असं त्यांनी लिहून ठेवलंय. मग ट्रस्टींनी आपल्या खाणींच्या माणसांसाठी गाव पुन्हा उभं केलं. आज जे फोटोत दिसतं ते हे, शिशाच्या पैशाचं.

डोंगरापलीकडच्या विअरडेल खोऱ्यात तर खनिजाचे मालक खुद्द डरहॅमचे बिशप. ब्लॅकेट तिथे भाडेपट्ट्यावर, बिशपला नववा हिस्सा आणि स्टॅनहोपच्या रेक्टरला, म्हणजे तिथल्या चर्चच्या मुख्य पाद्रीला, दहावा. खाणीच्या तोंडाशीच ढीग मोजून वाटे करायचे, त्यामुळे मोजमापावरून तंटे ठरलेले. स्टॅनहोपची रेक्टरी देशातल्या सगळ्यात श्रीमंत रेक्टऱ्यांपैकी एक होती ती यामुळेच.

शुक्रवार, वॉलिंग्टन

शेवटी मालकाच्या घरी. वॉलिंग्टन आता नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेकडे आहे. दुसऱ्या सर विल्यमने १७व्या शतकाच्या शेवटी हे सर जॉन फेनविककडून विकत घेतलं, तोच फेनविक ज्याला पुढे राजद्रोहासाठी मारलं. सर वॉल्टरने १७३०-४० च्या दशकांत घर आतून पूर्ण पालटून टाकलं. सलूनच्या छतावरचं आणि भिंतींवरचं प्लास्टरचं नक्षीकाम इटालियन कारागिरांचं, फिकट निळ्यावर पांढरी फुलं, माना दुखेपर्यंत बघितलं. तिथेच चित्रकार रेनॉल्ड्सने काढलेलं सर वॉल्टरचं पूर्ण उंचीचं पोर्ट्रेट. बाहेर हिरवळीवर दगडी ड्रॅगनची डोकी, लंडनहून परत येणाऱ्या जहाजात भार म्हणून आलेली.

खोलीतल्या गाईड बाई खूप जाणकार होत्या, प्लास्टरबद्दल, चिनी मातीच्या भांड्यांबद्दल अगदी तपशिलात सांगत होत्या. मी विचारलं, हे पैसे कुठून आले? त्या म्हणाल्या कोळसा आणि शिसं, आणि मला हळूच म्हणाल्या की हा प्रश्न लोक फार कमी विचारतात. मग आम्ही दहा मिनिटं ड्यूक्सफील्डवर बोललो, त्यांनी तिथे स्वतः जाऊन कमानी बघितल्या होत्या. माझ्या मते या खोलीत एखादा डब्ल्यू बी असा शिक्का मारलेला शिशाचा ठोकळा ठेवायला हवा, सर विल्यमच्या आद्याक्षरांचा. त्या शिक्क्याच्या शिशाला बाजारात नाव होतं, न्यूकासलहून ते लंडनला जायचं आणि तिथून कुठे कुठे, ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांत इंग्लंडचं शिसं सुरतेला नि मुंबईलाही उतरायचं. खाणीतल्या गटापासून या छताच्या फुलांपर्यंतची साखळी त्या ठोकळ्याने लोकांना लगेच कळेल.

सर वॉल्टर १७७७ मध्ये वारले, मूलबाळ मागे नव्हतं, एकुलती मुलगी आधीच गेलेली. तेव्हा इस्टेटीचे दोन भाग झाले. वॉलिंग्टन भाचा सर जॉन ट्रेव्हेलियनकडे, आणि खाणी, भट्ट्या, हेक्झॅमकडची मालमत्ता दुसऱ्या बाजूला, मावसभाऊ सर थॉमस वेंटवर्थकडे, त्यानेही ब्लॅकेट आडनाव घेतलं आणि तो राहायचा यॉर्कशायरमधल्या ब्रेटनला. म्हणजे आता खाणीचा मालक शंभर मैल दूर, आणि धंदा पूर्णपणे पत्रांवर. न्यूकासलमध्ये त्याचा कारभार बघायचा जॉन इरॅस्मस ब्लॅकेट, ज्याची मुलगी सारा पुढे ट्रॅफल्गरच्या ॲडमिरल कॉलिंगवुडशी लग्न करून गेली. कुणाला ती पत्रं वाचायची असतील तर माझं सांगणं, या १७७७ नंतरच्या काळापासून सुरुवात करा. मालक लांब असल्यामुळे कारभाऱ्याला सगळं नीट समजावून लिहावं लागतं, भाव का पडला, तट्टं का मिळाली नाहीत, चांदी किती निघाली, कुठल्या कुळाने खंड थकवला, आणि नवख्या वाचकालाही मग आपोआप समजत जातं. हेक्झॅमहून निघताना ड्यूक्सफील्डला पुन्हा जायला वेळ मिळाला नाही, पण कमानींपर्यंतची वाट ओढ्याच्या बाजूने पावसात निसरडी होते, तेव्हा चांगले बूट घालूनच जा.